नव्या माणसाची अंघोळ

सोमवार, ३

लग्नानंतर आज सासरी राहायला आले. घर ऐसपैस, उजेड भरपूर, माझ्या पुस्तकांसाठी एक अख्खं कपाट रिकामं करून ठेवलेलं. सासूबाईंनी हसतमुखाने नियम सांगितला, एकच: घरातलं सर्वांत नवं माणूस सर्वांच्या शेवटी अंघोळ करतं. चार वर्षं तो मान थोरल्या जाऊबाईंकडे होता. त्या भलत्याच बारीक आहेत. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात, तरी ते मनगटावर फिरतं. माझं तिसऱ्या भोकात बसतं. मला पाहून त्या इतक्या खूश झाल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मंगळवार, ४

बाथरूमचं पाणी तुंबतं. अंघोळ संपली तेव्हा ते घोट्यापर्यंत होतं. ओसरायला चार मिनिटं दहा सेकंद लागले. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी तर भर्रकन जातं, तुझेच केस असतील. माझे केस कानाच्या वर कापलेले आहेत. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, मग बघा की इंजिनीअरबाई, एवढं शिकलात ते कशासाठी.

तर बघते. बेसिन आणि संडास व्यवस्थित वाहतात, म्हणजे मुख्य लाइन मोकळी आहे. दोष या जाळीपासून मागच्या चेंबरपर्यंत, तीन मीटरच्या आत.

बुधवार, ५

जाळी काढली. खाली साबणाचा थोडा गाळ, केस एकही नाही. पाइप साफ करायची लांब स्प्रिंग घातली, ती कुठेही न अडता चेंबरमध्ये निघाली. गच्चीवरचा हवेचा पाइपही साफ. दारात उभं राहून पंधरा लिटर पाणी ओतलं: एकोणीस सेकंद. आत उभं राहून तेवढंच ओतलं: पाच मिनिटं.

पाइपात काही नाही. मी आत उभी असले की पाणी थांबतं.

जेवताना हे सांगितलं. सगळे खाली मान घालून जेवत राहिले. नवरा म्हणाला, आईचं ऐक, मोजमापं पुरे झाली.

शुक्रवार, ७

चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाखाली टब ठेवला आणि मोजून पंधरा लिटर पाण्याने अंघोळ केली. अंगावर, टॉवेलवर थोडं राहतं, म्हणजे टबात कमीच यायला हवं. आलं पंधरा लिटर आठशे मिली.

अंघोळीआधी माझं वजन त्रेपन्न किलो होतं. नंतर बावन्न किलो दोनशे.

चूक माझी असेल म्हणून आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा तेवढाच फरक.

रविवार, ९

काल तीन किलो. आज सहा. उरले एक्केचाळीस सहाशे. असंच दुप्पट होत गेलं तर दोन अंघोळी निभतील, तिसरी नाही.

कपडे वाळत घालताना जाऊबाई म्हणाल्या, मी आपली दोन तांबे घेऊन पळत बाहेर यायचे, म्हणून चार वर्षं टिकले. वेडे, तू घड्याळ लावून उभी राहिलीस! ताट वाढून दिलंस त्या जाळीखालच्याला. वर हसल्या. त्यांच्या घड्याळाचा पट्टा आता दोन भोकं अलीकडे बसतो, मनगट भरलंय.

धाकट्या दिराचं लग्न दोन महिन्यांवर आहे. तोवर नवी मीच.

माहेरी जाते म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, जा की, उद्या अंघोळ करून जा.

मंगळवार, ११

काल जाता यावं म्हणून अंघोळ केली: बारा किलो. बाहेर आले तर घराच्या दाराला कुलूप. फोन नवऱ्याकडे.

आज अंघोळ केली नाही. खोलीतून बाहेर पडलेच नाही.

दुपारी सासूबाईंच्या पायाशी पाणी तुंबलं. मग जाऊबाईंच्या. त्या किंचाळल्या — कशाला मोजलंस, कशाला मोजलंस —

आता सगळे माझ्या खोलीबाहेर उभे आहेत.

बुधवार, १२

नवऱ्याने उचललं. एका हाताने, ओला टॉवेल उचलावा तसं. माफ कर म्हणाला, माझ्याकडे न बघता. वही हातात राहिली.

बाथरूमची कडी बाहेरून.

पालथ्या बादलीवर बसलेय. नळ बंद आहे. पाणी जाळीतून वर येतंय — कोमट —

बाहेरून सासूबाई विचारतायत, झालं का गं?

एक मिनिट. अंगठे.

तीन मिनिटं वीस. घोटे — पाय वर घेतलेत, तरी —

बादली हलतेय. तिला खाली धरून ठेवण्याइतकं माझं वजन —

किती वाजले बघायला हात वर केला. घड्याळ कोपरापर्यंत घस