ॲग्नेस कोर्टची नामावली

सोमवार, ९ जानेवारी १९८४
नरेंद्रने ॲन आर्बरच्या आमच्या घरून तासाभरात ड्राइव्ह करून आणून सोडलं. लायब्ररीतून दोन आठवड्यांची रजा, आणि काम अगदी मनाजोगं: या घराचा इतिहास लिहायचा. घर मूळचं इंग्लंडमधल्या खेड्यातलं. १९२६ साली एका कारखानदाराने ते उतरवलं, दगडांवर नंबर घातले, बोटीने आणून मिशिगनमध्ये पुन्हा उभं केलं. मालकीणबाई ॲग्नेस व्हिटकोम, वय एकोणऐंशी, एकट्याच राहतात. मी शाकाहारी म्हणून त्यांनी मुद्दाम वाटाण्याचं सूप केलं होतं. खोलीतून बर्फाने भरलेलं सफरचंदांचं रान दिसतं. फार छान वाटतंय.

बुधवार, ११
खरेदीखतं लावून घेतली. मालक बदलला की घराचं नावही बदललंय. एलिनॉर हॉल, टॉमस कोर्ट, हॅना हॉल, आता ॲग्नेस कोर्ट. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, घर ज्याला धरून ठेवतं त्याचंच नाव घराला. १९५३ पासून त्या फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत. गुडघे दुखत असावेत.

शुक्रवार, १३
आज बाईंनी चामडी बांधणीची जुनी वही दाखवली. सगळी नावं ओळीने, ज्याच्या त्याच्या अक्षरात. तुमच्या लिपीत तुझं नाव कसं दिसतं, म्हणाल्या. मी कौतुकाने लिहिलं. विनीता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग कोट चढवला आणि भरदुपारी बर्फातून फाटकाबाहेर चालत गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, १४
बाई परतल्या नाहीत. शोधायला निघाले. फाटकाशी पाय थबकले — पुढे पडेचनात. तीनदा गेले. तीनदा परत याच दारात.
बाईंच्या उशीवर चिठ्ठी: हॅनानेही माझ्याकडून असंच लिहून घेतलं होतं. दुसरं कुणी नाव लिहीपर्यंत सुटका नाही. मला माफ कर.
नरेंद्रला फोन केला.

रविवार, १५
नरेंद्र आला. हात धरून फाटकापर्यंत नेलं — तो बाहेर, मी आत. माझा खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा सोडलं.
चिठ्ठी वाचून हसला. "एवढंच ना? मी लिहितो माझं नाव. मग चल घरी."
माझं पेन मी पाठीमागे लपवलं. तो गाडीतलं आणायला गेलाय.
त्याला सांगायला हवं. नको लिहूस म्हणून —
फाटक उघडंच आहे. रस्त्यावर ऊन पडलंय —
तो आला. वही ओढली. पहिलं अक्षर —
मी अजून काहीच बोल