सकाळी सहाचा पारा

हिकागेझावा, दि. ४ ऑक्टोबर २०१५

ती. तेत्सुदादास,
फुसाएचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता त्यांना तुझा चेहरा स्पष्ट दिसणार, तेव्हा दाढी रोज करत जा.

इकडे पर्सिमनची झाडं केशरी फळांनी वाकली आहेत. बघायला छान वाटतं, पण गावात कुणाचाच चेहरा खुललेला नाही. गेली दोन वर्षं नोव्हेंबरात गरम पाऊस पडला आणि सोलून टांगलेल्या फळांवर बुरशी धरली. गंधकाची धुरी दुप्पट दिली तरी काही उपयोग झाला नाही. यंदाही वाळवण फुकट गेलं तर सोसायटी फळं सोलायची शेड बंद करणार, असं कांझो शिमोदाइराने सभेत सांगून टाकलं. कांझो आठवतो ना? माझ्या वर्गात होता, गणितं माझी बघून लिहायचा. आता चेअरमन आहे. शेड बंद म्हणजे चाळीस घरांनी झाडांना कुऱ्हाड लावायची, दुसरा अर्थच नाही.

दादा, दोष झाडांचा नाही, तारखेचा आहे. एक नोव्हेंबरला देवळाच्या वळचणीला सोललेल्या फळांची पहिली माळ चढते आणि त्याच दिवशी सगळं गाव आपापल्या माळा चढवतं. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. मी अडतीस वर्षं रोज सकाळी सहाला शाळेमागच्या पेटीतला पारा बघते, वहीत लिहिते आणि साडेसहाला घराघरातल्या स्पीकरवर हवामान वाचते. या उन्हाळ्यात गुडघ्यामुळे सकाळचं वाचन सोडलं तर घरातच अडकले होते, तेव्हा सगळ्या वह्या काढून बसले. सलग तीन सकाळी पारा तीन अंशांच्या खाली गेला की हवा वाळवणाची झाली असं बाबा म्हणायचे. माझी पहिली दहा वर्षं तो दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस यायचा. गेली दहा वर्षं तो नोव्हेंबरच्या मध्यावर येतोय. थंडी पंधरा दिवस पुढे सरकली आणि आम्ही अजून एक तारखेलाच चिकटून बसलोय. वहीतल्या आकड्यांची नक्कल सोबत जोडली आहे.

हे कांझोला सांगितलं, तर म्हणे देवाची तारीख बदलणारी तू कोण? मी म्हटलं, तारीख देवाने नाही, तुझ्या आजोबांनी ठरवली, आणि त्यांच्या काळात एक तारखेला थंडीने ओठ फुटायचे. तो म्हणाला, तू वाचायचं काम कर, विचार करायला सोसायटी आहे.

तर आता तू कामाला ये. चौतीस वर्षं हवामान खात्यात काढलीस. तुझ्या नावानिशी आणि हुद्द्यानिशी दोनच ओळी लिहून पाठव, की फुसाएची वही बरोबर आहे आणि माळ सोळा तारखेच्या आत चढवू नये. मी ते स्पीकरवर वाचीन.

लोभ तुझा आहेच, यावेळी तेवढा कागदावर उतरव.
तुझी धाकटी,
फुसाए

---

सेंदाई, दि. १२ ऑक्टोबर २०१५

चि. फुसाए हिस,
तेत्सुओचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला आता खरंच सगळं दिसतं. काल तिने फ्रिजमागची धूळ दाखवून मला दोन तास राबवलं. तुझ्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक चालू ठेव आणि पायऱ्यांची चढउतार कमी कर.

वहीचे आकडे मी दोनदा नजरेखालून घातले. तुझी चिकाटी पाहून अभिमान वाटला. पण बाळ, मी दोन ओळी लिहू शकत नाही. कारणं सांगतो, रागावू नकोस. एक तर तुझा पारा एकाच जागेचा आहे. शाळेची नवी भिंत बांधली तेव्हापासून त्या पेटीला ऊब लागत असेल, कोण जाणे. दुसरं म्हणजे, आपल्याकडे परवाना नसलेल्या माणसाने हवामानाचा अंदाज जाहीरपणे सांगायचा नसतो. मी निवृत्त आहे आणि तुला तर परवाना कधीच नव्हता. तिसरी गोष्ट सर्वात मोठी. तू सोळा म्हणालीस आणि दहालाच दव गोठलं, तर फळं झाडावरच मऊ होतील आणि सालही निघणार नाही. चाळीस घरांचं नुकसान तुझ्या नावावर जाईल.

खात्याचा हंगामी अंदाज असा आहे की यंदाचा शरद सरासरीपेक्षा उबदार असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. एवढंच वाच, त्यावर तुला कुणी बोल लावणार नाही. कांझोशी वाकडं घेऊ नकोस. छोट्या गावात राहायचंय तुला.

तब्येत सांभाळ आणि म्हाताऱ्या भावावर माया ठेव.
तुझा,
तेत्सुओ

---

हिकागेझावा, दि. ३ नोव्हेंबर २०१५

ती. तेत्सुदादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून घातलाय. मनातून मी तुझ्यावर फार चिडले आहे, हे आधीच सांगते.

पन्नास टक्के! अरे, पन्नास टक्के म्हणजे काय, ते आमच्या गावातल्या बायकांना सांगून बघ एकदा. छत्री घ्यायची की नाही घ्यायची? फळ सोलायचं की नाही? मला शाळेची भिंत दाखवतोस? भिंत चार वर्षांपूर्वीची आहे, थंडी त्याच्या कितीतरी आधीपासून सरकतेय. आकडे दोनदा बघितलेस म्हणतोस, मग हे दिसलं कसं नाही तुला? की दिसलं?

परवान्याचं म्हणशील, तर त्यावर मी खूप विचार केला. पुढे काय होणार ते सांगायला परवाना लागतो. होऊन गेलं ते सांगायला लागतो का? पंचवीस ऑक्टोबरला, रविवारी, सगळे घरी असतात म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला. खात्याचं हवामान वाचून झालं आणि मी वही उघडली. एकेका वर्षाची तारीख वाचत गेले. अडतीस वर्षं, अडतीस तारखा. वर एक शब्द घातला नाही. शेवटी म्हटलं, सोसायटीची तारीख एक आहे, माझ्या घरी मात्र माळ सोळाला चढेल, ज्याला जे करायचं ते त्याने करावं.

पाच मिनिटांत कांझो सायकलवर हजर. धाप लागली होती, तरी ओरडत होता. त्याने माझ्या हातातून माइकची किल्ली घेतली. म्हणाला, आता सोसायटीच्या ऑफिसातली मुलगी वाचेल. ती बिचारी मान खाली घालून उभी होती. मी कांझोला म्हटलं, किल्ली घे, पण पेटीतला पारा तुझं ऐकून उतरणार नाही. घरी येऊन मात्र रडले दादा. अडतीस वर्षांत ती जागा मी एक दिवस सोडली होती, माझे यजमान हिसाओ गेले त्या दिवशी.

एक तारखेला देवळाची माळ चढली आणि चाळीसपैकी एकोणचाळीस घरांच्या वळचणी केशरी झाल्या. माझी उघडी. उघडी वळचण म्हणजे घरात मर्तिक, हे तुला सांगायला नको. काल पलीकडची ओकिमी आजी, वय वर्षं ब्याण्णव, काळे कपडे घालून उदबत्त्या घेऊन आली. दारातच गळा काढून विचारू लागली, कोण गेलं गं? मी म्हटलं, अजून कुणी नाही, पण चेअरमनचा विचार चाललाय. तिला ऐकू आलं नाही, उदबत्ती लावून चहा पिऊन गेली.

लोक तोंडावर काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. कंपोस्टच्या खड्ड्यापाशी मी गेले की गप्पा थांबतात. पण मी माळ चढवणार नाही. बाबांनी अठ्ठ्याण्णव साली आपल्या जुन्या घरची अकरा झाडं तोडली, तेव्हा दोरी धरायला मी होते, तू नव्हतास. पुन्हा तो आवाज मला ऐकायचा नाही.

आज पारा सकाळी सहाला नऊ अंशांवर होता. सरासरीत बसतं का बघ.

राग ओसरला की लोभ मागेन.
फुसाए

---

सेंदाई, दि. ९ नोव्हेंबर २०१५

चि. फुसाए हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुझ्या वहिनीने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे मला कशाला सांगताय, जिला सांगायचं तिला सांगा.

आकडे दिसले का, असं तू विचारलंस. दिसले. या वेळीही दिसले आणि अठ्ठ्याण्णव सालीही दिसले होते. त्या ऑक्टोबरात बाबांनी मला ऑफिसच्या पत्त्यावर कार्ड पाठवलं होतं. यंदा हवा गरम वाटते, माळ थांबवू का, एवढंच त्यात विचारलं होतं. तेव्हा आपल्या दरीतल्या सगळ्या केंद्रांचे तक्ते माझ्याच टेबलावर होते. शरद मागे पडत चाललाय हे मला त्यात स्वच्छ दिसत होतं. पण वरिष्ठांनी अजून त्याला नाव दिलं नव्हतं. आपण आधी बोललो आणि चुकलो तर काय, याची मला धास्ती होती. मी बाबांना उलट कार्ड टाकलं की तापमान सरासरीइतकंच राहील. त्यांनी मुलावर विश्वास ठेवून एक तारखेला माळ चढवली. सगळं वाळवण बुरशीने गेलं आणि त्या हिवाळ्यात त्यांनी झाडं तोडली. मला त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर हवामानाबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारायचे.

तू भांडतेस याचा मला राग आला नव्हता फुसाए, मला लाज वाटली होती. परवान्याच्या गोष्टी मी त्या लाजेपायी सांगितल्या.

सोबत वेगळा कागद जोडतो आहे. त्यावर माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. वरचं सगळं त्यात लिहिलं आहे, बाबांच्या कार्डासकट. तुझी वही बरोबर आहे असंही लिहिलं आहे. उशीर झाला हे मला कळतं. तरी वाच, आणि काही गाळू नकोस.

तुझ्या लोभाला पात्र नसलो तरी तो मागतो.
तुझा दादा

---

हिकागेझावा, दि. १४ डिसेंबर २०१५

ती. तेत्सुदादास,
सा. न. वि. वि.

हा नमस्कार खरा आहे.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय झालं ते पुरतं समजल्याशिवाय लिहायचं नव्हतं. आठ नोव्हेंबरपासून गरम पाऊस लागला तो थांबेचना. तुझं पत्र हातात पडलं त्या दिवशी समोरच्या घरी माळा उतरवत होते. फळं हिरवी-काळी झालेली, हात लावला की दोरीवरून गळायची. गावाने दहातली नऊ फेकली. मला बरं वाटलं असेल असं तुला वाटत असेल, तर नाही वाटलं. तो आंबूस वास आठवडाभर घरात होता.

आणि मीही पूर्ण बरोबर ठरले नाही, हे लपवणार नाही. सोळा म्हटलं होतं, पारा उतरला एकोणिसाला. तोवर झाडावर माझी दहातली चार फळं मऊ पडून गेली. उरलेली सहा एकटीने सोलली आणि चढवली. आता त्यांच्यावर साखरेचा पांढरा थर येतोय. तुझ्यासाठी आणि वहिनींसाठी डबा वेगळा पाठवते.

सोसायटीची वार्षिक सभा या महिन्याच्या सहा तारखेला होती आणि शेड बंद करायचा ठराव पुढे होता. सभा स्पीकरवरून घरोघर ऐकवतात. मला बोलायला दिलेलं नव्हतं. ऑफिसातली ती मुलगी माइकजवळ बसली होती. मी जाऊन उभी राहिले तशी ती उठली आणि तिने स्वतःची उशी मला बसायला दिली. कांझो माइक बंद करायच्या बटणापाशी होता. मी आधी माझं नुकसान सांगितलं, दहातली चार. मग गावाचं सांगितलं, दहातली नऊ. मग तुझा कागद काढला.

सगळा वाचला दादा. तुझं नाव, हुद्दा, बाबांचं कार्ड, तुझं उत्तर, तुला असलेली धास्ती, काहीच गाळलं नाही. जेवलास का, या ओळीपाशी माझा आवाज फुटला, तो चाळीस घरांनी ऐकला. कांझोचा हात बटणावरच होता. त्याने ते दाबलं नाही. तुला लोक नावं ठेवतील असं वाटलं होतं ना? वाचून झाल्यावर अगदी पुढे बसलेली ओकिमी आजी बाबांचं आडनाव घेऊन मोठ्याने म्हणाली, हा किताहाराचा थोरला ना, एकदा तरी घरी ये म्हणावं त्याला. एवढंच.

देवळाचे पुजारी उठले आणि म्हणाले, देवाने मला आजवर तारीख कधी सांगितलेली नाही, पारा उतरेल त्या दिवशी देवळाची माळ चढवू. शेड आणखी दोन वर्षं चालू राहणार.

सभेनंतर कांझोने माइकची किल्ली पुढे केली. म्हणाला, वाच, पण आधी मला दाखवत जा. मी किल्ली घेतली नाही. म्हटलं, वाचेन, दाखवणार नाही, विचार कर. त्याने पाच दिवस विचार केला.

शुक्रवारी सकाळी सहाला मी पेटीपाशी गेले तर हा आधीच तिथे उभा, नाक लाल झालेलं. त्याने पेटीचं दार उघडलं आणि बराच वेळ आत वाकून बघत राहिला. त्याला आकडा दिसेना. मला विचारायचंही त्याच्याने होईना. मी पण सांगितला नाही. म्हटलं, चष्मा घेऊन ये. गेला, चष्मा घेऊन आला आणि पारा त्याने स्वतः वाचला. उणे एक.

वहिनींना नमस्कार. माघाच्या थंडीत ये, घर मोठं आहे आणि लोभ कमी झालेला नाही.
तुझी,
फुसाए