माचू पिचूचा दगड

अल ऐन, शुक्रवार, २० ऑगस्ट १९९९

डोकं नुसतं भणभणतंय. माचू पिचूला, इन्का लोकांच्या त्या पडक्या देवळापाशी, मी शंभरदा बजावलं होतं की इथला खडासुद्धा उचलायचा नाही. तरी यांनी एक दगड खिशात घातलाच! काल बॅग उपसली तेव्हा निघाला. आमची तनया म्हणाली, "बाबा, दॅट्स स्टीलिंग!" हे हसले. मुलीसमोर!

तेव्हाच ठरवलं, पोस्टाने परत पाठवायचा. आज सकाळी बघते तर सासूबाईंनी तो दगड देवघरात, बाळकृष्णाशेजारी, हळदकुंकू लावून ठेवलेला.

"देवळातला आहे ना? मग देवच."

"अहो आई, चोरीचा आहे तो!"

"चोरी माझ्या मुलाने केली, देवाचा काय दोष? आणि पूजलेला देव कोणी पोस्टात टाकतं का?"

खलास.

म्हणजे चोरी यांची, श्रद्धा यांच्या आईची आणि रोज आंघोळ घालायला मी! घातली. पण ऑगस्टात इथे आखाताच्या वाळवंटात नळाला उकळतं पाणी येतं, आणि तो बिचारा थंडगार डोंगरावरचा... फ्रिजमधल्या बाटलीतलं घातलं. कोणी सांगितलं नव्हतं. मीच.