शेठसाठी ओतलेलं गोडं पाणी

पेण खारेपाट,
मे महिन्याची अखेर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या अनिताचा नमस्कार. साष्टांग घालत नाही. एक तर गुडघा दुखतो, आणि दुसरं म्हणजे मला तुझा राग आलाय. तुझी शुगर कशी आहे? प्रणितावहिनींची पाठ? सुरतेला लेकीकडे महिनाभर राहून आलात, तेव्हा दोघांची वजनं वाढली असतील, ती देव तशीच राखो. आम्ही इकडे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि सुरतेला जाताना माझ्याकडे सोडलेला तुझा कुत्रा. तुझा म्हणतेय ते आपलं लिहिण्यापुरतं.

फोनच केला असता, पण तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर. माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनींची दोन होतात, आणि जितेश मागून इंटरनेटवरचं ज्ञान वाचून दाखवतो. म्हणून फोन बंद करून ठेवलाय आणि हे पत्र शेजारच्या मिथुनकडे देतेय. तो रोह्याला कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातो, तिथेच जवळ वरसे गावात तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर देईल. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण पूर्ण वाचल्याशिवाय फाडलास तर आईची शपथ आहे.

तर, "तुझ्याकडे कुत्र्याचा जीव सुरक्षित नाही, रविवारी जितेशला गाडी घेऊन पाठवतो," असं तू म्हणालास. पाठव की. भाचा आहे माझा, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पोटभर घालीन, ओटीवर पंखा लावून झोपवीन आणि संध्याकाळी रिकाम्या गाडीने परत पाठवीन. कुत्रा मिळणार नाही.

आधी नावाचं. वहिनींनी ठेवलेलं ब्रूनो हे नाव मी बदललं, याचं त्यांना फार लागलंय असं कळलं. मी मुद्दाम नाही बदललं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिठागरावर गेले, तर हा मागोमाग आला, बांधावर सावली बघून पाय ताणून पडला आणि आम्ही पाच बाया ऊन डोक्यावर घेऊन मीठ ओढतोय ते अर्ध्या डोळ्याने बघत राहिला. दुपारी उठला, एका ढिगावर तंगडी वर केली आणि घरी निघाला. सगळ्या बाया एका तोंडाने म्हणाल्या, "शेठ निघाले!" त्याला ते नाव इतकं आवडलं की आता ब्रूनो म्हटलं तर तो मागे वळून बघतो, दुसरा कोण कुत्रा आलाय म्हणून.

आता त्या संध्याकाळचं. जितेशने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही (त्याला तरी कुठे माहीत होतं, तो इथे नव्हता). दिवेलागणीला मी भाकऱ्या थापत होते. माझ्या मागच्या पडवीत पाण्याचे हंडे-कळशा असतात, आणि या दिवसांत सगळ्या खारेपाटात ओल म्हणावी अशी जागा तेवढीच. तिथे एक भेक येऊन बसायचा, पाठीवर फोडच फोड असलेला गलेलठ्ठ बेडूक. रोज दिव्याखालचे किडे खायचा आणि जायचा, माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. शेठने तो तोंडात धरला. टाकलाही लगेच, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. भेकाच्या डोळ्यांमागे विषाच्या गाठी असतात, दाबलं की पांढरा चीक येतो, हे मला आता पाठ आहे. तेव्हा काय माहीत? शेठ डोकं झटकायला लागला, तोंडाला फेस, लाळेच्या तारा, हिरड्या लालभडक, आणि चालताना दारुड्यासारखे पाय इकडे तिकडे. दादा, मी घाबरले. उगीच शूरपणा कशाला सांगू, मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून ओरडत सुटले.

आता आपल्या गावाचं औषध तुला ठाऊक आहेच. दात दुखला, मीठ. घसा बसला, मीठ. दृष्ट लागली, मीठ. पोटात वाईट गेलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवायचं. मीठ सोडून आपल्याकडे दुसरं आहे काय? तर कृष्णाबाईने (समोरचं घर, तिला तू मावशी म्हणायचास) वाटीभर दाट मिठाचं पाणी केलं आणि त्याच्या नरड्यात घालायला लागली. थोडं पोटात गेलंही. तेवढ्यात मिथुनने पेणच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मनाली यांना फोन लावला. त्या फोनमधून अशा ओरडल्या की शेठनेही कान टवकारले. मीठ अजिबात नको, कुत्र्याला मिठानेच मरण येतं! दूध नको, ओकवायचं नाही, बोटं घालायची नाहीत. डोकं खाली धरा, तोंडाच्या एका बाजूने साधं पाणी सोडा, ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं पाहिजे, घशात जाता कामा नये. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, दर वेळी फडकं धुऊन. दहा मिनिटं न थांबता हेच करत राहा, आणि मग तडक घेऊन या.

साधं पाणी! बाई पेणच्या, त्यांना काय सांगणार? इथे नळ आठवड्यातून दोनदा येतो, आणि मे महिन्यात गावकीचा नियम आहे: गोडं पाणी पिण्याला आणि रांधण्याला, बाकी कशाला वापरलं तर रांगेत हंडा शेवटी. मी ओतलं. तीन हंडे ओतले. मिथुनने मान धरली, मी फडकं फिरवलं, आणि शेठ माझ्याकडे असा बघत होता की मी रडत रडत त्याला शिव्या देत होते. मग गावातल्या केरूच्या मिनीडोर रिक्षात घालून पेणला. रात्रभर सलाईन, छातीला सतत डॉक्टरीणबाईंची नळी. सकाळी त्याने शेपूट हलवली आणि कंपाउंडरचा वडापाव पळवला. तेव्हा मला कळलं, शेठ वाचले.

आणि गावाने काय केलं? बैठक बोलावली. कुत्र्याच्या चुळा भरायला तीन हंडे! शांती तर म्हणाली, "गो अनिता, माझे घरात पोरांना आंघोळ नाय, आनि तू कुत्र्याला धुतस?" मी उभी राहिले आणि सांगितलं, की हो, धुतलं, उद्या पुन्हा भेक धरला तर पुन्हा धुईन, हंडा शेवटी लावा नाही तर खाडीत फेका. आणि हेही सांगितलं, की कृष्णाबाईने मीठ पाजलं नसतं तर एवढं पाणी लागलंच नसतं. कृष्णाबाई खाली बघून गप्प बसली. गप्प बसली म्हणजे कबूलच की! मग तिचाही हंडा शेवटी लागला. पंचाहत्तरीची बाई आता माझ्यामागे रांगेत उभी असते.

तेव्हा मला सुरक्षिततेचं शिकवू नकोस. आता संध्याकाळी पडवीतला दिवा बंद असतो, शेठची पाण्याची ताटली अंधार पडायच्या आत उचलते, तो बाहेर जातो तो दोरीने आणि माझ्याबरोबर. डॉक्टरीणबाईंचा नंबर दारावर खडूने लिहिलाय. तिकडे तुमच्या बिल्डिंगीत चोवीस तास नळ आहे, पण घरात बघायला कोण आहे?

वहिनींना नमस्कार, जितेशला आशीर्वाद.

तुझी (रागावलेली) बहीण,
अनिता

ता. क. वहिनींनी पाठवलेला कुत्र्याचा शाम्पू परत पाठवतेय. त्याला वास आवडत नाही.

ता. क. २. दादा, वर एक खोटं लिहिलंय. मिठाचं पाणी कृष्णाबाईने नाही, मी पाजलं. तिने येऊन माझ्या हातातली वाटी उडवली, "नको गो, मरंल तो!" म्हणाली. आणि तिसरा हंडा माझा नव्हता, माझे दोनच होते. तो तिचा होता. बैठकीत मी तिचं नाव घेतलं तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आठ दिवस ती माझ्यामागे उभी राहते, आणि मला मान वळवता येत नाही.

रविवारी पुन्हा बैठक आहे. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. गावाला मी घाबरत नाही, हे तुला माहीत आहे. मी त्या एका बाईला घाबरते. जितेशला पाठवू नकोस, तू ये. बोलायचं मीच बोलीन, तू नुसता बाजूला उभा राहा.

कुत्रा मात्र देणार नाही.