एका ओळीत न मावलेले संतोषमामा

बुऱ्हाणपूर, मंगळवार

तीर्थरूप संतोषमामांस,

गोटूचा दुरूनच साष्टांग नमस्कार (जवळ येऊन घालायची हिंमत नाही). मिलच्या क्वार्टरात तुम्ही बरे असाल. मामींचा गुडघा कसा आहे? इकडे सुतक फिटलं, पण घर बरं नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद.

आजोबांच्या तेरवीची पत्रिका मोबाइलवर पाठवायची हुशारी माझीच. तुम्ही स्मशानातच म्हणाला होता, कागदावर छाप म्हणून. (तुम्ही कागद मिलमधले, मी तो धंद्याचा पक्षपात समजलो.) वेबसाइट बनवतो म्हणून गल्लीत मिरवणारा मी; पत्रिकेचं पान बनवलं: आजोबांचा फोटो, खाली काळी चौकट, तीत 'शोकाकुल' आणि तुम्हा तिघा भावांची नावं, बापाच्या नावासकट. ती दोन ओळींत जात होती. भूपेंद्रमामा मागे उभे राहून म्हणाले, "लाइन तोडू नको रे गोटू. घर तुटल्यावानी दिसीन." तुमच्याशी दोन वर्षं न बोललेला थोरला भाऊ हे म्हणाला, मलाही भरून आलं. मी पानाला हुकूम दिला: ओळ तोडायची नाही, चौकटीबाहेर जाईल ते झाकायचं. माझ्या लॅपटॉपवर तिघेही गुण्यागोविंदाने मावले. पण प्रत्येक ब्राउझरची अक्षरं वेगळी. तुमच्या जुन्या फोनवरच्याने तीच अक्षरं ऐसपैस काढली, आणि मधल्या निरंजनमामांपाशी जागा संपली. पुढे तीन ठिपके. त्या ठिपक्यांत तुम्ही होता, मामा.

तुम्हाला वाटलं, भावाने नाव काढलं. तेरवीला तुम्ही आला नाहीत. भूपेंद्रमामांना वाटलं, याला बापाचंही काही नाही. पंगती उठल्या तरी रुख्मिणीआजी दारातून हलेना. "संतोषचं पान झाकून ठेव, येईन तो," एवढंच म्हणत होती. संध्याकाळी ते पान मीच गाईला घातलं. फार वाईट वाटलं.

दोष ब्राउझरचा आहे, एवढं समजून घ्यावं.

आपला भाचा,
गोटू

ता.क. आजोबांचा सव्वा महिना येत्या रविवारी, गावच्या घरी, दापोऱ्याला. याच. आजी तेव्हापासून एकवेळच जेवते.

ता.क. दुसरा: ब्राउझरचं वर लिहिलं ते अर्धंच खरं. ते ठिपके मी पत्रिका पाठवायच्या आदल्या दिवशीच मित्राच्या, चंदनच्या जुन्या फोनवर पाहिले होते. ओळ तोडायला दोन मिनिटं लागली असती. भूपेंद्रमामांना घाबरलो, आणि असला जुना फोन आता कोण वापरतं म्हणून सोडून दिलं. हे घरात कुणालाच ठाऊक नाही. रविवारी आलात, तर सगळ्यांसमोर सांगेन. नाही आलात, तर माझ्याच्याने सांगवणार नाही, आणि आजी तुम्हालाच दोष देत जाईल.