सकूच्या पानातील शिंपल्यांबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी,
गोड्या पाण्यातील शिंपलेपालन योजना,
मोखाडा, जि. ठाणे.

विषय : तळ्यातील योजनेच्या जाळ्या काढून बांबूच्या टोपल्या सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मयत सकू मधु वारघडे यांचा तक्रार अर्ज व तो निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार मधु लहान्या वारघडे, राहणार पोशेरा, हा मयत सकूचा नवरा आहे. तळ्यातील योजनेच्या शिंपल्या तिने एकटीने पोसल्या. अर्जदार त्यांच्याकडे फक्त जेवताना लक्ष देत असे.

१. शिजवण्याआधी सकू शिंपल्या रात्रभर तांदळाच्या धुवणात ठेवी, म्हणजे त्या पोटातली माती सोडतात. शिंपल्या ज्यांत वाढतात त्या योजनेच्या नायलॉनच्या जाळ्या उन्हाने विरल्यावर मातीसोबत बारीक निळे तंतू निघू लागले. शिजलेल्या मांसातही ते दिसले. तेव्हापासून सकूने शिंपल्या कोणास वाढल्या नाहीत.

२. तिच्या तक्रारीवरून एक साहेब पाहणीस आले. काठावरून पाणी पाहून ते जेवायला थांबले व त्यांनी शिंपल्या मागितल्या. सकूने नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण वाढले. "तुमच्या पोटात जाळं गेलं तं तुमच्या बाईला मी काय सांगू, साहेब?" असे ती म्हणाली. अहवालात 'लाभार्थीने सहकार्य केले नाही' अशी नोंद झाली.

३. मग तिने जाळ्यांऐवजी बांबूच्या टोपल्या विणल्या. बांबू योजनेत बसत नाही, असे कळविण्यात आले. पुढे गेल्या माघात ती तापाने वारली. ताप आणि तंतू यांचा संबंध अर्जदार जोडत नाही. परंतु तक्रारदार हयात नसल्याने तक्रार उरत नाही, असे आपले पत्र आहे. तंतू उरले आहेत.

४. अर्जदाराच्या घरात मरणाला वर्ष होते त्या दिवशी मयताच्या पानात त्याने स्वतः पोसलेले काहीतरी वाढावे लागते. भात सगळ्यांनी लावला, कोंबड्या अर्जदाराच्या आईच्या. सकूच्या एकटीच्या म्हणाव्यात अशा शिंपल्याच आहेत. जे तिने साहेबांना वाढले नाही, ते तिला वाढणे अर्जदारास जमणार नाही. आपले लिपिक म्हणाले, "मधुदादा, बाजारातून आण नि वाढ. तिला काय कळतंय?" तिला कळेल.

वर्षाचा दिवस माघात आहे. टोपल्यांत शिंपल्यांची पोटे साफ होण्यास वेळ लागतो, म्हणून दिवाळीपूर्वी परवानगी मिळावी. पुढच्या वर्षी बघू, असे तोंडी सांगण्यात आले आहे. मयत सकू त्या दिवशी जेवायला येणार. तिला 'पुढच्या वर्षी ये' असे सांगायचे असल्यास कार्यालयाने आपला माणूस पाठवावा. अर्जदार सांगणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
मधु लहान्या वारघडे
पोशेरा, दि. १८ सप्टेंबर २००६

सोबत : धुवणातून काढलेले तंतू, कागदाच्या पुडीत.