तुझ्या मैत्रिणीची छत्री-कंपनी

प्रिय टॅम्सिन,

तुझा मेसेज बुधवारी मिळाला. त्यात दोन ओळी तुझ्या होत्या आणि बाकीचा सगळा मैत्रिणीचा. तुझ्यासारखीच बदली शिक्षिका, तुझ्याच शाळेत, तिला दिवस गेलेत, आणि छत्री-कंपनीकडून पगार घेणाऱ्यांना बाळंतपणाचं काही मिळतं का, असं ती विचारते. ‘मिळत नसेलच ना?’ हेही तूच लिहिलंस. आणि जाता जाता हेही, की सोमवारी ती दुसऱ्या कंपनीत नाव घालणार आहे, कारण तिथे दर आठवड्याला हातात जास्त पडतं. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी हवामानाच्या पुढे कधी गेलोय? तू ‘इथे पाऊस आहे’ म्हणणार, मी ‘डर्बीतही आहे’ म्हणणार, आणि झालं. म्हणून पत्र लिहितेय. तिला आधी एवढंच सांग, की सोमवारी कुठेही सही करू नकोस. बाकीचं सावकाशीनं वाचलं तरी चालेल.

ती या धंद्यात नवी दिसते, म्हणून मुळापासून सांगते. शाळेला शिक्षिका हवी असते, एजन्सी ती शोधून देते, आणि पगार करते तिसरीच एक कंपनी, म्हणजे ही छत्री-कंपनी, जिचं तोंड आपण कधी पाहिलेलं नसतं. माझाही पगार अशाच एका कंपनीकडून येतो. त्यामुळे लोकांच्या डोक्यात काय काय असतं बघ. शेजारच्या डोरीनला वाटतं, मला कामं ही कंपनीच आणून देते. ती एक काम आणून देत नाही. काम सुटलं की एजन्सीला फोन मलाच करावा लागतो. आमच्या ऑफिसातल्या पर्मनंट लोकांना वाटतं, मी स्वतःच्या कंपनीची मालकीण आहे आणि कर चुकवून गब्बर झालेय. ‘तुमचं बरं आहे बाई,’ असं मॉरीन दर शुक्रवारी म्हणते आणि वाढदिवसाच्या केकचा तुकडा मला सगळ्यांत शेवटी देते. माझा कर माझ्या हातात यायच्या आधीच कापलेला असतो, तिच्यासारखाच. तिला हे मी एकदा सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि मीही पुन्हा त्या भानगडीत पडले नाही.

पण सगळ्यांत मोठा घोळ आमच्याच लोकांच्या डोक्यात असतो. क्लाइव्ह ऑटवेल तुला आठवत असेल, माझ्या समोरच्या टेबलावर सिग्नलची ड्रॉइंग तपासतो तो. ‘हिलरी, आपण कुणाचे नोकर नाही, आपण स्वतंत्र माणसं,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. गेल्या शरद ऋतूत पन्हाळीतली पानं काढताना तो शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेतला. आठवड्यांमागून आठवडे घरी बसला, पण आजारपणाचा एक पैसा कुणाकडे मागितला नाही. मागायचा कुणाकडे? स्वतंत्र माणसाला मालक कुठून असणार? शेवटी कुठल्या तरी वेगळ्याच कामासाठी त्याने पगार करणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, ‘अहो ऑटवेलसाहेब, तुम्ही आमचे कर्मचारी आहात. आजारी पडलात तर कळवायचं होतं की वेळेवर.’ तो इतका दुखावला, की विचारू नकोस. झोपेत कुणीतरी आपलं लग्न लावून दिलंय आणि सहा वर्षांनी ते कळतंय, असा त्याचा चेहरा झाला होता. अजून लंगडतो. आणि अजूनही सांगतो, की आपण कुणाचे नोकर नाही.

मी हसले त्याला, पण मलाही पहिली दोन वर्षं वाटत होतं की आपल्याला सुट्टी नाही. जेवढे दिवस काम, तेवढे पैसे. न आल्या दिवसाचं काही नाही, असंच सगळे म्हणायचे, आणि दहा जण म्हणतात म्हटल्यावर कागद कोण वाचतो? सुट्टीचे पैसे कंपनीकडे साठत होते आणि मी ते मागितले नाहीत म्हणून वर्ष संपलं की बुडत होते. आता मी ते दर आठवड्याच्या पगारातच घेते. तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, स्लिपवर तुझं कसं येतं ते बघ. आणि तिला रागवायचंच असेल तर या गोष्टीवर रागवायला हरकत नाही, की मालकाने सरकारकडे भरायचा विम्याचा हप्ताही एजन्सीने आपल्यासाठी ठरवलेल्या दरातूनच जातो. त्यात कंपनी चोरी करत नाही, पण ते कुणी आधी नीट समजावूनही सांगत नाही. मी काही या कंपन्यांची भक्त नाही.

आता मुद्द्याचं. ती कर्मचारी आहे म्हणजे बाळंतपणाची रजा तिला आहे, मग पगार कुठल्याही कंपनीकडून येवो. पण रजेतला पगार मिळायचा तर बाळ यायच्या बरंच आधीपासून, सलग अर्धं वर्ष, त्याच एका मालकाकडे असावं लागतं. आणि इथेच आपल्या लोकांची फसगत होते. तिला वाटतंय, मालक म्हणजे शाळा, फार तर एजन्सी, आणि ती तर बदलणार नाही. शाळा तीच, वर्ग तोच, तीच बत्तीस पोरं. फक्त पगाराच्या स्लिपवरचं नाव बदलणार, मग बिघडलं काय? अगं, ते नाव म्हणजेच तर मालक. सोमवारी तिने सही केली की ती एका दिवसात नवी नोकर होते, आणि मागचं सगळं पाण्यात. मग रजा असेल, पण पगार नसेल. सरकारी भत्ता मिळेल, पण पहिल्या आठवड्यांतच तो तोकडा पडतो, आणि तेव्हाच तर सगळं विकत आणायचं असतं. त्यासाठी दर आठवड्याला हातात काय जास्त पडणार? आणि ते तरी कसं पडणार, हे कुणी सांगितलंय का? कर सगळ्यांना सारखाच. जी कंपनी बाकीच्यांपेक्षा फारच जास्त देते, ती मधे काहीतरी लपवते, आणि पुढे कराचं पत्र येतं ते कंपनीला नाही, आपल्याला. एजन्सीतला कुणी गोड बोलणारा माणूस तिला तिकडे ढकलत असेल, तर त्याला त्यात काय मिळतं, हेही विचारावं.

तू लिहिलंस की ती कुणालाच सांगणार नाही, शाळेला नाही, एजन्सीला नाही; ढगळ कोट घालून जमेल तेवढे दिवस काढणार आणि बाळ झाल्यावर पंधरा दिवसांत वर्गावर परत जाणार. सांगितलं तर उद्यापासून बोलावणार नाहीत, ही तिची भीती. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दिवस गेले म्हणून काढून टाकणं बेकायदा आहे, पण बेकायदा गोष्टी होतात, हे मला या वयात कुणी शिकवायला नको. म्हणून तोंडी काही बोलायचं नाही. दवाखान्यातल्या सुईणीकडून दिवस गेल्याचा दाखला घ्यायचा आणि पगाराच्या कंपनीला लेखी कळवायचं, मुदतीच्या आत. मुदत गेली की मग तेही हात वर करतात. आणि पंधरा दिवसांत वर्गावर जाण्याबद्दल तिला सांग, की पंधराव्या दिवशी बाईला धड बसताही येत नाही, फळ्यापाशी उभं राहणं दूरच. मेसेजात बाळाच्या बापाचा उल्लेख नव्हता. मीही विचारत नाही.

इकडे बाकी ठीक. छपराची कौलं बसवून झाली, डोरीनचं मांजर पुन्हा आमच्याकडे जेवायला लागलंय. ऑफिसातलं माझं काम जूनपर्यंत आहे, पुढचं कुणालाच माहीत नाही, आणि मला त्याची सवय आहे.

हे सगळं तुला फोनवर तासाभरात सांगता आलं असतं. पण मग तुला मला मैत्रिणीबद्दल आणखी सांगावं लागलं असतं, तिचं नाव काय, ती राहते कुठे, आणि मला ते नको होतं. मलाही एकदा अशीच एक मैत्रीण होती. ऑफिसातली मुलगी, तिला दिवस गेलेत, तिच्यामागे कुणी नाही, तिने काय करावं, असं मी माझ्या आईला बटाटे सोलता सोलता विचारलं होतं. आईने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘त्या मुलीला सांग, घर कुठे गेलेलं नाही.’ बस, एवढंच, आणि आणखी बटाटे पुढे ढकलले. त्या मैत्रिणीची मुलगी आता प्लिमथला बदली शिक्षिका आहे, आणि तिच्या आईला एका दिवसासाठीही त्याचा पस्तावा झालेला नाही. मी काल ऑफिसात रजा टाकली. शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. स्टेशनवर कुणी यायची गरज नाही, फक्त तुझ्या मैत्रिणीला घरी थांबायला सांग.

तुझीच,
आई